ताईच्या आवाजासाठी सात नॉब

३ जानेवारी २०२५, शुक्रवार
निवृत्तीनंतर आज पहिल्यांदा डोक्याला काम मिळालं. विमलताईच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं. नागपूर, १० फेब्रुवारी. डॉक्टर म्हणाले, बोलणं बहुधा परत येईल, गाण्याचं सांगता येत नाही. ताईने घासाघीस करून १ फेब्रुवारी तेवढी मागून घेतली. माघ चतुर्थीला कळंबला चिंतामणीसमोर आमच्या भजनी मंडळाची पाळी असते. त्या दिवशी गायचं, दुसऱ्या दिवसापासून तोंड बंद.
मग मला म्हणाली, "सदा, तेवढं माह्यं गाणं भरून ठेव. मंग आवाज राह्यला न राह्यला."
स्वतःच्या मुलाला नाही, मला सांगितलं. याची नोंद असावी.

५ जानेवारी, रविवार
ताईचा मुलगा कपिल पुण्याहून फोनवर म्हणाला, मामा, मोबाईलवर रेकॉर्ड करा, झालं. हे कोणीही करेल. मी तेहतीस वर्षं वायरमन होतो.
खरा प्रश्न वेगळा आहे. ताईचा आवाज हल्ली अर्ध्या अभंगात उतरतो. पेटीवर फुलसिंग काळी चार धरून बसतो, ताई काळी दोनवर येते, आणि दोघं दोन गावांना जातात.
उपाय सापडला: मिडी कंट्रोलर. मुलीचा, म्हणजे प्रेरणाचा, वाजवायचा जुना कीबोर्ड माळ्यावर आहे. त्याला घरी बनवलेला नॉबचा डबा जोडायचा. ताईचा आवाज उतरला की नॉब फिरवायचा, कीबोर्डचा सूरही उतरतो. शिवाय रेकॉर्डिंगही त्यातच होतं. व्हिडिओ पाहिला. सुरुवातीला त्यातला मुलगा मिडी म्हणजे काय आणि काय नाही ते सांगत बसतो. ते पुढे ढकललं. थिअरी आपल्याला नवी नाही.

९ जानेवारी, गुरुवार
पार्सल आलं. सर्किट बोर्ड दोन, नॉब सात, वायरी. नॉब बसवायला बायकोचा, म्हणजे इंदूचा, मसाल्याचा डबा घेतला. सात वाट्या, सात नॉब, सात सूर. हा योगायोग नाही. इंदूने विचारलं, माझा डबा गाणं म्हणणार का. मी वाट्या बाहेर काढल्या.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. डबा जोडला. बोर्ड तापला, वास आला, बोर्ड गेला. अकरा हजार व्होल्टच्या लाईनवर हात चालवलेला माणूस पाच व्होल्टने हरतो, हे शक्य नाही. चूक हळदीची. डबा नीट धुतला नव्हता.
इंदू म्हणाली, "स्टीलच्या डब्यात उघड्या वायरी टाकल्या तुमी. तेहतीस वर्षं काय करून राह्यले होते?"
तिळगूळ खाल्ला. गोड बोलणं जमलं नाही.

१९ जानेवारी, रविवार
दुसरा बोर्ड, पूजेचा लाकडी चौरंग. त्याला सात भोकं पाडली. देवाचंच काम आहे.
बोर्ड जिवंत आहे. कीबोर्ड जिवंत आहे. दोघांमध्ये केबल टाकली तर ओळखच दाखवत नाहीत. चार तासांनी कळलं की दोघेही पाहुणे आहेत. पंगतीत दोघेही पाटावर बसून, वाढणारं कोणी नाही. मध्ये कॉम्प्युटर लागतो.
हे आधी सांगायला काय झालं होतं? (सांगितलं असेल. तो भाग ढकलला होता.)

२६ जानेवारी, रविवार
प्रेरणाचा लॅपटॉप मध्ये ठेवला. चाललं!! सातपैकी एक नॉब, पण तोच हवा होता. लाल बटण दाबलं की रेकॉर्डिंग सुरू होतं, आणि बोट दाबलं की स्क्रीनवर रंगीत पट्ट्या पळतात. व्यावसायिक दर्जा.
फुलसिंगच्या तांड्यावर जाऊन त्याला सांगितलं, यंदा पेटीला विश्रांती, कीबोर्ड मी वाजवतो. बावीस वर्षं ताईच्या शेजारी बसला आहे तो. म्हणाला, टाळ धरतो. समजूतदार माणूस.

३१ जानेवारी, शुक्रवार
उद्याची तयारी पूर्ण. सराव झाला नाही. लाईट नव्हती.

१ फेब्रुवारी, शनिवार
सविस्तर लिहितो.
लाईनवर चढण्याआधी शटडाऊन घ्यायचा आणि फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा, म्हणजे खालून कोणी सप्लाय सुरू करत नाही. माझ्या हाताखाली एकही माणूस मेला नाही तो या सवयीमुळे. मोबाईलच्या सिग्नलने रेकॉर्डिंगमध्ये खरखर येऊ नये म्हणून आज तेच केलं. मंडळातल्या सगळ्यांचे मोबाईल बंद करून पिशवीत गोळा केले आणि पिशवी मांडीखाली घेतली.
फुलसिंग तेवढा म्हणाला, "साहेब, मी माह्या मोबाईलमदी धरू का थोडंसं? असू द्या एक जास्तीचं."
त्याचाही घेतला.
पहिल्याच अभंगात ताईचा आवाज उतरला. नॉब फिरवला. कीबोर्डचा सूर वर गेला. उलटा फिरवला, आणखी वर गेला. ताईने माझ्याकडे न बघता हात हलवला, राहू दे. मी बोटं उचलली. मग ती नुसत्या टाळावर गायली. आवाज फाटत होता, ती थांबत होती, पुन्हा उचलत होती. चाळीस मिनिटं. असं मी तिला कधी ऐकलं नव्हतं. मला रडू आलं, हे इथे लिहायला हरकत नाही.
स्क्रीनवरच्या पट्ट्या थांबल्या होत्या. पण लाल दिवा शेवटपर्यंत चालू होता. मी स्वतः पाहिला.

२ फेब्रुवारी, रविवार
फाईल नऊ केबी. एवढं गाणं एवढ्याशा जागेत! तंत्रज्ञान कुठे गेलं आहे.

त्याच दिवशी, दुपारी
फाईल लावली. सुरुवातीला माझे चुकलेले सूर. पुढे काही नाही. आवाज मोठा केला. स्पीकर बदलला. काही नाही.
व्हिडिओचा ढकललेला भाग पाहिला. मिडीमध्ये आवाज नसतोच. कोणती पट्टी कधी दाबली, एवढीच नोंद असते. मी दाबलीच नव्हती.
मंडळात सगळ्यांना विचारून आलो. कोणाकडेही काही नाही. मोबाईल माझ्या मांडीखाली होते.

३ फेब्रुवारी, सोमवार
ताईला पुन्हा गा म्हणता येत नाही. कालपासून ती पाटीवर लिहून बोलते. खरं काय ते उद्या सांगणार.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
ऑपरेशनआधी सांगणं बरं नाही. तिच्या तब्येतीचा विचार आहे, माझा नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार
नागपूर. गाठ निघाली. आवाजाची एक नस गेली. कुजबुजेल, म्हणाले.
मंडळाला जुन्या काही टेप आहेत का ते विचारलं. टेपरेकॉर्डर दुरुस्त करतो म्हणून २०११ मध्ये मीच नेल्या होत्या, परत दिल्याची नोंद नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार
ताई घरी आली. पाटीवर लिहिलं, गाणं लाव. सांगायचं ठरवून गेलो होतो. लॅपटॉप उघडून फाईल लावली.
माझे अकरा सूर वाजले. मग शांतता. ताई डोळे मिटून ऐकत राहिली. आता सुरू होईल, असं तिला वाटत असावं. पाच मिनिटं मी फाईल तशीच चालू ठेवली. फुलसिंग दाराशी बसला होता, त्याने खाली बघितलं.
मग तिने पाटी घेतली. लिहिलं, "याच्यात मी कुठी आहो?"
मी तिला मिडी समजावून सांगितली. तिने पूर्ण ऐकून घेतली, पदराने पाटी पुसली आणि आत गेली.
घरी येऊन चौरंग लॅपटॉपला जोडून पाहिला. आज सातही नॉब चालले.