एका पिंपातली पूड

सोमवार, ता. ९, दुपार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे ठीक. धाकटीचा ताप उतरला, ह्यांची बदली अजून लटकलेलीच आहे. भावोजींचा गुडघा कसा आहे?

गुडघ्याचं विचारतेय खरं, पण आत्ता त्यांना गुडघा आठवतही नसेल. त्यांच्या उबवणी केंद्रातून आलेली कोंबडीची पिल्लं आमच्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये माना मागे टाकून छताकडे बघत बसली आहेत. उभं केलं की कोलमडतात. डॉक्टर म्हणाले, मानमोडीची साथ दिसते, तिला औषध नाही. मालक म्हणाले, रोग पिल्लांबरोबरच आला. उद्या सकाळी सगळी पिल्लं मारायची आणि भावोजींच्या केंद्राला टाळं लावायचं ठरलंय, हे तुला कळलंच आहे.

ताई, मला फार भीती वाटतेय. शेडचं दार वाजलं तरी दचकते.

पिल्लांचं खाद्य मी कालवते. जीवनसत्त्वांची पूड आणि खनिजांची पूड रोज सकाळी वेगवेगळी मोजायची आणि लगेच मक्याच्या भरड्यात घालायची, हा इथला नियम. आधीच्या मिस्त्रींनी शिकवताना सांगितलं होतं, "या दोघी सवती आहेत बाई. एका पंगतीला बसतील, पण एका घरात नांदायच्या नाहीत." मी हसले होते. मग रोज वाकून दोनदा मोजताना पाठ धरली, आणि महिन्यापूर्वी मी शहाणपणा केला. दोन्ही पुडी महिन्याभराच्या एकदम एका पिंपात कालवून ठेवल्या, तेही बॉयलरच्या गरम भिंतीला टेकवून. रोज एकच माप, काम झटपट. खनिजं आतल्या आत जीवनसत्त्वांचा फडशा पाडतील, हे डोक्यातच आलं नाही.

आलं ते परवा. कुणाला न सांगता सहा पिल्लं खोक्यात घालून शेडमागे नेली आणि चोचीत बी-वन जीवनसत्त्वाचे थेंब सोडले. संध्याकाळी त्यातली पाच उभी राहून दाणे टिपत होती. मानमोडी अशी थेंबांनी बरी होत नाही. आनंदाने नाचायला हवं होतं, पण मी खोक्यावर पोतं टाकलं आणि घरी आले. तेव्हापासून मिठाची गुळणी धरून बसलेय.

काल फोनवर तू रडलीस, तेव्हाही मी नुसतं "धीर धर" म्हणाले. नोकरी जाईल ही भीती होतीच. पण त्याहून जास्त भीती ही, की तू पुन्हा माझं तोंड बघणार नाहीस. म्हणून बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

पिंपाचं सगळं मालकांसाठी वेगळ्या कागदावर लिहून काढलंय, कारण त्यांच्यापुढे माझी बोबडी वळते. हे पत्र तुमच्याकडे निघालेल्या आमच्या ड्रायव्हरच्या हातात दिलं, की खोकं उचलून मी त्यांच्या खोलीत जाणार. डॉक्टर आतच बसलेत. भीती गेली नाही, तरी जातेय.

भावोजींना सांग, त्यांची पिल्लं निरोगीच होती. पिल्लांना आजारी पाडणारी,

तुझीच
पाठची बहीण