क्लबच्या फळ्यांचा ट्रेलर

प्रिय मेदेर,

दर फोनला तू एकच विचारतोस, "बाबा, आईला फोन का देत नाही तुम्ही?" आणि मी दर वेळी सांगतो की ती वर कुरणावर आहे, आपल्या चाकांवरच्या खोलीत, ट्रेलरमध्ये, तिथे रेंज नाही. मागच्या वेळी तर चिडलास, "मग घोड्यावर बसवून रेंज मिळते त्या टेकडीपर्यंत तरी आणा तिला!" उत्तर देतो, बाळा. पण आधी ट्रेलरचं सांगू दे. तेवढं मला नीट सांगता येतं.

गावातला जुना क्लब पाडला तेव्हा नाचाच्या हॉलच्या फळ्या लोक जाळायला नेत होते. तुझी आई कुंपणापासून ओरडली, "म्हातारबा, बघत काय बसलात? असं लाकूड आता औषधालासुद्धा मिळायचं नाही!" ढकलगाडीवर लादून आणल्या. मी खिळे उपटायचे आणि तिनं दगडावर ठोकून सरळ करायचे, असं आमचं चाललं. ट्रेलरच्या आतलं प्लायवूड ओलीनं कुजून गेलं होतं, ते सगळं ओरबाडून काढलं. पत्रा आणि फळ्या यांच्यामध्ये तिनं जुन्या युर्टच्या तंबूचा लोकरी नमदा ठासून भरला. फळ्यांवरचा लाल रंग मात्र रंध्यानं काढू दिला नाही. म्हणाली, "ज्यांच्यावर नाचले, त्या मला ओळखू आल्या पाहिजेत." एका फळीवर टाचांचे खळगे आहेत, ती तिनं उशाशी लावून घेतली. मी म्हटलं, हे त्या हिशेबनीस कालीबेकचे, तुला सोडायचाच नाही तो. तर हसून म्हणते, "अजून जळता का? तो बिचारा नाचायचा कमी, माझे पाय तुडवायचा जास्त."

पलंगाचं माप तिच्या गुडघ्यांवरून घेतलं. तिला सफरचंदांच्या खोक्यावर बसवलं आणि तळवे पुरते टेकेपर्यंत खाली एकेक फळी सारत, काढत राहिलो. ती कुरकुरली, "शिंप्यानं एवढी मापं घेतली असती तर लग्नाचा झगा ढगळ झाला नसता." त्या दिवशी आम्ही फार हसलो.

छताच्या थोड्या फळ्या बाकी होत्या तेव्हा काम थांबलं. तिकडे परमुलखात कामावर तू परांचीवरून पडलास तो हाच आठवडा. बरेच दिवस मी हातोड्याला हात लावला नाही. मग तुझा काका म्हणाला, "पोराला सांगून बसलायस ना ट्रेलर वर गेला म्हणून? मग ने तरी!" तसंच छत पुरं केलं आणि ट्रॅक्टरला जोडून वर आणला. म्हटलं, बोललो त्यातलं निदान अर्धं तरी खरं व्हावं. इथे मी खाली जमिनीवरच झोपतो. गुरुवारी, आपल्या रिवाजाप्रमाणे, स्वतः बोर्सोकचे पिठाचे तुकडे तळतो. निम्मे करपतात, पण तेलाचा वास पोचत असेल तिच्यापर्यंत.

मेदेर, अशी बातमी परमुलखात एकट्या माणसाला आपल्याकडे फोनवर देत नाहीत. त्यात तुझा पाय प्लास्टरमध्ये, तुला निघताही आलं नसतं. थोरल्यांनी ठरवलं, पोरगा उभा राहीपर्यंत थांबायचं. मी मान डोलावली आणि तेव्हापासून तुझा फोन वाजला की माझं काळीज फाटतं. तुझी आई गेली, बाळा. तू पडलास त्याच आठवड्यात, गोठ्यात दूध काढता काढता गेली, कुणाला हाक मारायचीही वेळ आली नाही. पत्र घेऊन येणाऱ्या साबिरला मी बजावलंय, आपल्या गावचे तिथे असतील तेवढे गोळा केल्याशिवाय हे त्याच्या हातात देऊ नकोस. आता मान वर कर. खोलीत बसलेत ना सगळे, तुझ्याकडे बघत? ते चहाला आलेले नाहीत. ऊठ, त्यांच्या गळ्यात पड आणि मोठ्यानं रड.

तुझाच,
बाप