ढवळी जेवली

विक्रोळी, रविवार

प्रिय रत्नप्रभा,

इथलं सगळं ठीक चाललंय. तुझ्या आईंचा पाय कसा आहे? चालतात का?

आपल्या मांजरी एकाच आईच्या, पण स्वभाव बघ. काळी कुणीही बांगडा दाखवला की त्याची होते. ढवळी मात्र तू गेल्यापासून ताटलीला तोंड लावत नव्हती. तुझ्यासारखे काटे काढून भात कुस्करला, तरी पाठ फिरवायची. थकलो गं मी तिच्यापुढे.

काल तुझा न धुतलेला गाऊन मांडीवर घेऊन बसलो. ढवळी आली, हुंगत राहिली, मग जेवली. तेव्हा कुठे मलाही भूक लागली.

आईंना बरं वाटल्यावरच ये, घाई नको. फक्त गाऊनचा वास आता कमी होत चाललाय.

तुझा,
बाळा