पाचव्या माळेचा दिवा

चित्राताई,

नवरात्रातला अखंड दिवा पंख्याने विझला, असं मी तुम्हाला फोनवर सांगितलं. ते खोटं होतं. मीच फुंकर मारली.

आईंचं ऑक्सिजनचं मशीन बसवायला आलेल्या माणसाने बजावलं होतं, नळीपासून दहा फुटांत ज्योत नको. आमच्या खोलीत पलंगापासून देवघर चार पावलांवर. तरी मी दिवा लावला. सासूबाईंचा चाळीस वर्षांचा नेम सुनेने कसा मोडायचा?

पाचव्या दिवशी घटावर माळ बांधायला आई वाकल्या आणि नाकाची नळी ज्योतीपाशी लोंबली.

“मुद्दाम विझवलास?”

“हो, आई.”

त्या पलंगावर बसल्या. दम परतल्यावर म्हणाल्या, “चित्राला पंख्याचं सांग. नाहीतर दसऱ्यापर्यंत तुझं डोकं खाईल. आणि मला तो बटणाचा दिवा आण. लाल नको, दुकानातल्यासारखा दिसतो.”

त्यांना शब्द दिलाय, म्हणून हे पत्र पाठवत नाही. पण दिवाळीला तुम्ही पणत्या घेऊन याल. तेव्हा पंख्यावर भागणार नाही. दारातच तुमच्या हातातलं ताट घेईन आणि खरं सांगेन.

तुमची वहिनी,
नीलम