कापलेली कड

प्रिय टेरी,

तुझ्या प्रदर्शनाचं आमंत्रण मिळालं. जाड कागद, वर तुझा हसरा फोटो आणि खाली तुझी सही. पन्नास वर्षांत तिचं शेपूट चांगलंच लांबलंय. ईडिथनं ते फ्रिजवर लावलं, मी काढलं. तिनं पुन्हा लावलं आणि म्हणाली, "जळकुकडा नवरा मिळालाय मला." आता दूध काढताना रोज तुझं तोंड बघावं लागतं.

खोटं कशाला बोलू, जळतो मी तुझ्यावर. तू लंडनला गेलास, बँडवाल्यांबरोबर गावोगाव हिंडलास, शे-दोनशे रेकॉर्डच्या कव्हरांवर तुझं नाव आलं. मी इथेच शेफील्डमध्ये लग्नांचे फोटो काढत राहिलो. नवरीच्या आया कानाशी येऊन सांगायच्या, "मला जरा बारीक दाखवा हं." तेही सोसलं असतं. पण तुझं नशीब उघडलं ते एका फोटोनं, आणि तो फोटो माझा, असंच मी आजवर धरून चाललो.

चौऱ्याहत्तर साली स्लेट हॅरिअर्स बँडचा कार्यक्रम होता, रंगमंचामागच्या त्या कोंदट खोलीत आपण दोघंही घुसलो होतो. त्यांचा गायक रॉडी दाढीचा फेस लावून बसलेला. कुणीतरी काहीतरी बोललं आणि तो असा हसला, की फेस गिटारवर उडाला. आपले कॅमेरे सारखे, फिल्म सारखी, रोल धुतले माझ्या आईच्या न्हाणीघरात, एकाच डब्यात. निगेटिव्हच्या पट्ट्या मिसळल्या. कव्हरवर तो फोटो आला आणि मागे तुझं नाव. मी म्हणालो, "अरे, हा माझाय." तू म्हणालास, "असेल बाबा, तुझाही असेल." भांडला असतास तर बरं झालं असतं. पबमध्ये मी ही गोष्ट इतक्यांदा सांगितलीय, की रॉडीचं नाव निघालं की लोक ग्लास घेऊन उठतात.

त्या फोटोची पट्टी प्रिंट काढून झाल्यावर आईच्या घरीच राहिली, ती माझ्याकडेच आहे. बिस्किटांच्या डब्यात पुरावा म्हणून जपली, पण एकदाही उजेडात धरली नाही. बघायची गरजच नाही, असं मी स्वतःला सांगायचो. खरं तर भीती वाटायची.

मंगळवारी कलादालनातल्या बाईंचा फोन आला. मूळ निगेटिव्ह सापडत नाही, तुमच्याकडे आहे का? नाही म्हणालो, फोन ठेवला आणि डबा काढला. खिडकीशी उभा राहून भिंग लावलं. कव्हर चौरस, निगेटिव्ह लांबट; एक कड कापावीच लागते. तू डावी कापलीस. त्या कडेला, कोपऱ्यात गुडघ्यावर बसलेला मी आहे. सगळी खोली हसतेय, आणि मी मान खाली घालून, कॅमेऱ्याची पाठ उघडून नवा रोल भरतोय.

प्रिंट तूच काढली होतीस. म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती कड एकदा दाखवली असतीस तर माझं तोंड कायमचं बंद झालं असतं. तू दाखवली नाहीस. लेका, आता तुझ्या चांगुलपणाचाही मला हेवा वाटतोय, आणि तो सगळ्यात वाईट आहे.

सोबत निगेटिव्ह पाठवतोय. फोटो तुझा आहे. एवढे तीन शब्द लिहायला मला तीन दिवस आणि ईडिथची बोलणी लागली. एकच मागतो. प्रदर्शनात लावशील तेव्हा या वेळी कड कापू नकोस.

तुझाच,
डाव्या कडेचा नॉर्मन