पिवळ्या दिव्याच्या गाडीची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, गाडी चालवायला शिकवणाऱ्या शाळेची मालकीण, पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि कोणाच्याही दबावाखाली न येता (माझ्यावर दबाव आणायची कोणाची छाती नाही) हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. आधीची मृत्युपत्रं रद्द समजावीत. ती रागात लिहिली होती. हेही रागातच आहे, पण विचार करून.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझ्या लेकीला. शिकवणाऱ्याच्या बाजूचं जादा ब्रेकचं पायडल जावयांच्या गाडीत बसवावं आणि त्यावर लेकीचा पाय असावा. जावई सोन्यासारखे आहेत, फक्त त्यांना रस्त्यावर एकटं सोडू नये.

कलम २. पान्यांची पेटी आमच्या मिस्त्रीला. अट एकच, गाडी उघडण्याआधी "होऊन जाईल" म्हणायचं नाही.

कलम ३. काळ्या चिकटपट्टीचं रीळ माझ्या धाकट्या भावाला. तो याच शाळेत शिकवतो. गाडीचा एबीएसचा पिवळा दिवा लागू लागला, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा बिघडली. हा काय करतो, तर शिकणारे घाबरतात म्हणून दिव्यावर पट्टी चिकटवतो. डोळ्यांवर कातडं ओढणारे मी पुष्कळ पाहिले, दिव्यावर ओढणारा हा पहिलाच. तेव्हापासून आमचा अबोला आहे. फारच गरज पडली तर शिकणाऱ्यामार्फत बोलतो. "सरांना सांगा, खिडकी लावा," वगैरे.

कलम ४. गाडी भंगारात द्यावी. साधा ब्रेक चांगला लागतो, पण गाडी थांबता थांबता पायडल पायाखाली धडधडतं आणि कोणावर तरी गाडी घातली असं वाटून शिकणारे रडकुंडीला येतात. मिस्त्रीने फ्यूज बदलला, वायर बदलली, चाकांजवळचे सेन्सर बदलले. दिवा विझतो आणि कोपऱ्यावर वळलं की पुन्हा लागतो. त्यानेही हात टेकले. माझ्या माघारी पट्टी लावून तिला कोणी फिरवू नये.

इथवर लिहून साक्षीदार म्हणून भावाला आणि मिस्त्रीला बोलावलं. साक्षीदाराने फक्त सही करायची असते, भावाने कागद वाचला. कलम ३ वाचून पान उलटलं. कलम ४ वर पेन खाली ठेवलं.

"भंगारात? ताई, हिच्यावरच तू मला शिकवलंस."

मी खिडकीकडे पाहिलं. तो बाहेर गेला, मिस्त्रीला घेऊन गाडी जॅकवर चढवली आणि एकेक चाक हाताने फिरवत तपासणीच्या यंत्रात बघत बसला. तीन चाकांचे आकडे नीट येत होते, पुढच्या डाव्या चाकाचा मध्येच गळत होता. चाक उतरवून गंज घासला, तर सेन्सर ज्या दातेरी कडीवरून वेग मोजतो, ती कडीच तडकलेली. "दाखव," मी गाडीखाली वाकून थेट भावालाच म्हणाले. बिचारा सेन्सर खरं तेच सांगत होता. चाक फुटपाथला टेकलं की गाडी पार्क झाली, ही आमच्या शाळेची पद्धत. इतकी वर्षं येणारा प्रत्येक जण तेच चाक टेकवत आला. पद्धत माझी आहे आणि ती बरोबरच आहे. फुटपाथ फार टणक बांधतात.

"होऊन जाईल," मिस्त्री म्हणाला. नवी कडी बसवली. भावाने स्वतः पट्टी काढली. मी गाडी कोपऱ्यावरून वळवून आणली. दिवा लागला नाही, पायडलही गप्प.

कलम ४ (दुरुस्त). गाडी धाकट्या भावाला.

साक्षीदार:
धाकटा भाऊ. खोडलं. ज्याला काही मिळतं, त्याची साक्ष चालत नाही.
मिस्त्री. खोडलं. पेटीमुळे.
ब्रेक समजून अॅक्सिलरेटर दाबणाऱ्या बाई. (सही)
उलटं जाताना डोळे मिटणारे दातांचे डॉक्टर. (सही)

स्थळ: शाळेची मागची खोली, जिथून गाडी दिसते.
तारीख: दिवा विझला तो दिवस.
सही: मोठ्या बाई

ताजा कलम: चिकटपट्टी भावालाच मिळेल, कलम ३ कायम आहे. त्यातला अबोला मात्र वगळावा. तो आज गाडीखालीच संपला.