पिवळ्या शेपटीचा उंदीर

ग्वाल्हेर, गुरुवार संध्याकाळ

जिवंत आहे, आणि मजेत खातोय. माझ्या निर्गुडीच्या अर्काची सर्वांत मोठी मात्रा रोज ज्याला पाजतात, तो पिवळ्या शेपटीचा उंदीर. शेपटीचा रंग खुणेसाठी. प्रयोगशाळेतल्या मॅडम म्हणाल्या, "अंकल, इसे तो कुछ हुआ ही नहीं।" कॉलेजची पायरी न चढता, पुस्तकं वाचून मी काढलेला अर्क. याहून मोठी बातमी कोणती?

बाड्यावरच्या बाजारात न थांबता तडक घरी. दुखरे गुडघे धरून बसते, तरी अर्क घे म्हटलं की सौ.चं इतकी वर्षं एकच, "आधी उंदरांना पाजा, मग मला." आज सांगितलं, तर म्हणते, "काहीच झालं नाही, हे सांगायला धावत आलात?" मग स्वतःच वाटी पुढे केली. "द्या, पाहू."

हात बाटलीकडे गेलाही होता. पण पिवळ्या शेपटीचं यकृत अजून तपासायचंय. त्यासाठी त्याला मारावं लागणार, पुढच्या आठवड्यात. आज कसा कुरुकुरू दाणे फोडत होता.

बाटली कपाटात ठेवली, कुलूप लावलं.

"अहो, मी तयार झाले तर तुम्हीच घाबरलात?"

घाबरलो म्हण हवं तर. पण वाटी तिनं आपणहून पुढे केली, हे खरं.